ओढता येतं, पण थांबवता येतं का?

आज आपण बोलणार आहोत ट्रॅक्टर आणि त्याच्यामागच्या ट्रॉलीबद्दल. तुम्ही म्हणाल, हा तर ड्रायव्हरचा विषय. पण आता बऱ्याच गटांच्या नावावर ट्रॅक्टर आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठीच्या सरकारी योजनेत ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर, अवजारं आणि ट्रेलर येतो. काही गट कर्ज काढून घेतात. ट्रॅक्टर गटाचा, तर एका खेपेत किती माल भरायचा हेही गटानंच ठरवायला हवं.

भाड्याला आलेला शेजारी म्हणतो, "ताई, आणखी दहा गोण्या टाका, ओढेल की!" ओढेलही. सपाट रस्त्यावर एकदा चाकं फिरायला लागली की छोटा ट्रॅक्टरही स्वतःपेक्षा जड माल ओढतो. अवघड असतं ते थांबवणं. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांना असतात. साध्या ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेकच नसतो. म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरनेच अडवायचा. मिनी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन टनाच्या आतबाहेर असतं. मागे तीन टन माल असेल तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते, आणि ती तिरकी झाली की ट्रॅक्टरलाही आडवं पाडते. ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा असतो. त्याची मोठी ट्रॉली मिनी ट्रॅक्टरला जोडू नका, पिन बसत असली तरी.

आता हिशोब करू. दोन आकडे शोधायचे. पहिला ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किंवा विक्रेत्याकडे मिळेल : हा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट किती वजन ओढू शकतो? दुसरा ट्रॉलीच्या आरसी बुकात असतो : ट्रॉलीचं भरलेलं वजन जास्तीत जास्त किती? दोन्हींतला लहान आकडा तो आपला. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करायचं. समजा, लहान आकडा १,५०० किलो आहे आणि रिकामी ट्रॉली ५०० किलोची आहे. उरले १,००० किलो. ५० किलोची कांद्याची गोणी धरली तर २० गोण्या. एकविसावी गोणी दुसऱ्या खेपेला. रिकाम्या ट्रॉलीचं वजन माहीत नसेल तर वजनकाट्यावर एकदा करून घ्या.

डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. कडब्याने ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन कमी असतं. वाळू मात्र एक ब्रास म्हटली की साडेचार टनांच्या आसपास जाते, ओली असेल तर आणखी. वीट साधारण ३ किलोची, म्हणजे हजार विटा ३ टन. पाण्याचा हिशोब सगळ्यात सोपा : एक लिटर म्हणजे एक किलो. २,००० लिटरच्या टाकीत २ टन पाणी, वर टाकीचं वजन वेगळं. टाकी अर्धवट भरली तर पाणी हिंदकळतं आणि वळणावर ट्रॉलीला हिसका देतं.

माल कुठे ठेवला हेही पाहायचं. दोन चाकी ट्रॉलीत सगळा भार पुढे आला तर तो हुकावर दाबतो, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. सगळा मागे गेला तर हूक वर उचलला जातो, मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक नीट धरत नाही. जड माल तळाला, दोन्ही बाजूंना सारखा आणि चाकांच्या किंचित पुढे ठेवा.

रस्त्यावर निघताना ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेले हवेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतार सुरू होण्याआधीच खालचा गियर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही.

आणि बायांनो, खुरपणीला किंवा जत्रेला आपण ट्रॉलीत बसून जातो, ते बंद करायला हवं. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही. अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळणंही अवघड होतं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या ट्रॉलीचा हिशोब करून ठराव वहीत लिहा, आणि "माल १,००० किलोपर्यंत" असा जो आपला आकडा निघेल तो ट्रॉलीच्या फळीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. गिऱ्हाईक आणखी गोण्या घेऊन आलं की ड्रायव्हरला वाद घालावा लागणार नाही. तो नुसता फळीकडे बोट दाखवेल.