अंगठ्याची साक्ष

आपल्या समाजात अंगठा हे निरक्षरतेचे चिन्ह समजले जाते. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द उपहासानेच उच्चारला जातो. न्यायालयात मात्र याच अंगठ्याचा ठसा भल्याभल्यांच्या सहीहून विश्वासार्ह ठरतो. सही गिरवता येते, नाव बदलता येते. बोटांवरील रेषा मात्र जन्मापूर्वीच उमटतात आणि मरेपर्यंत पालटत नाहीत.

या शास्त्राची पाळेमुळे आपल्याच भूमीत आहेत. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला. १८९७ साली कोलकात्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणासाठी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी परिश्रम घेतले. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. लवकरच जलपायगुडीतील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला उभा राहिला. पंचांगावरील रक्ताळलेला ठसा त्याच्या जुन्या नोकराचा निघाला. तथापि १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा केली आणि खुनाच्या आरोपातून मुक्त केले. हात कोणाचा लागला हे ठसा सांगतो; त्या हाताने काय केले हे तो सांगत नाही, हा विवेक त्या न्यायालयाने पहिल्याच कसोटीला दाखविला.

दुसरा विवेक वर्धेकरांना जवळचा वाटावा. १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजेच आजच्या सेवाग्रामी, वास्तव्यास आलेल्या महात्मा गांधींच्या पहिल्या सत्याग्रहाचा संबंध या ठशांशीच होता. १९०६ साली ट्रान्सवालमध्ये आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई रहिवाशावर ठसे देण्याची सक्ती करणारा वटहुकूम निघाला. गांधींनी हेन्री यांचाच ग्रंथ वाचला आणि कायद्याने ठसे घेतले जातात ते केवळ गुन्हेगारांचे, हे त्यांच्या ध्यानी आले. मात्र १९०८ साली तडजोड होताच त्यांनी स्वेच्छेने आपले ठसे दिले. त्यांचा विरोध शास्त्राला नव्हता. एका संपूर्ण समाजाला गुन्हेगार ठरविणाऱ्या सक्तीला होता.

ठसा देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ साली दिला. तपासाला त्याची गरज होतीच. परंतु १९९७ साली त्याच न्यायालयाने राजस्थानातील एका खून खटल्यातील शिक्षा रद्द केली. जप्त वस्तू सुरक्षित राहिल्याची खात्री नव्हती आणि तुलनेसाठीचे ठसे दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेले नव्हते. शास्त्र चुकले नव्हते. चुकली होती ती माणसांची शिस्त.

१९२० च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२२ च्या कायद्याने ठशांची नोंद पंचाहत्तर वर्षे जतन करण्याची मुभा दिली आहे. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी निर्दोष सुटल्यास, न्यायालयाचा अन्य आदेश नसेल तर, त्याची नोंद नष्ट करण्याची तरतूदही त्यात आहे. पहिली तरतूद यंत्र आपोआप पाळील; दुसरी पाळण्यासाठी दक्ष अधिकारी आणि जागरूक नागरिक लागतील. ज्याला आपला अंगठा कशावर उमटतो आहे हेच वाचता येत नाही, त्याच्यासाठी ही जागरूकता दाखविणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे.