नासपतीवरचा खटला

मुंबईचा १८५४ सालचा ‘पारसी पंच’ किंवा ठाण्याचा ‘हिंदू पंच’ यांचं कूळ लंडनच्या ‘पंच’कडे जातं, हे जाणकारांना ठाऊक आहे. पण १८४१ साली निघालेल्या त्या साप्ताहिकाचं उपशीर्षक होतं ‘लंडन शारिवारी’. म्हणजे मूळ आणखी मागे, पॅरिसमध्ये, ‘ल शारिवारी’ काढणाऱ्या शार्ल फिलिपाँपाशी आहे. कलेच्या इतिहासात व्यंगचित्रकार दोमिएला मानाचं पान मिळतं. त्याला हाताशी धरून राजकीय चित्रं काढून घेणारा फिलिपाँ मात्र तळटिपेत पडून राहतो. हा अन्याय मला कित्येक वर्षं बोचतो आहे.

१८३०च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप फ्रान्सच्या गादीवर आला. नव्या सनदेत मत छापण्याचं स्वातंत्र्य होतं आणि सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणणार नाही, असं वचनही. त्याच वर्षी नोव्हेंबरात फिलिपाँने ‘ला कारिकातुर’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी त्यात राजा गवंड्याच्या वेशात, भिंतीवरच्या क्रांतीच्या खुणा गिलाव्याने बुजवताना दिसला आणि खटला उभा राहिला.

१४ नोव्हेंबर १८३१. फिलिपाँचा बचाव असा होता की, चित्रात ना मुकुट, ना राजचिन्ह. आहे ते केवळ साम्य. आणि साम्य हाच गुन्हा ठरवायचा तर तो थांबवायचा कुठे? हे दाखवायला त्याने चार रेखाटनं पुढे केली. पहिल्यात राजाचा हुबेहूब चेहरा: भरगच्च कल्ले, लोंबते गाल, वर निमुळती होत गेलेली केसांची झुलपं. दुसऱ्यात गाल आणखी सुटलेले, तिसऱ्यात नाकडोळे फळात विरत चाललेले. चौथ्यात नुसती नासपती. पहिलं चित्र गुन्हा असेल तर दुसरंही गुन्हा, मग तिसरंही. असं करत शेवटी फळालाच शिक्षा द्यावी लागेल. सहा महिने कैद आणि २,००० फ्रँक दंड झाला. पण युक्तिवादाच्या इतिहासात याला तोड मला तरी सापडलेली नाही.

फिलिपाँने ती चित्रं लगेच छापली. शिळाछापाच्या प्रती झटपट निघत. त्याच्या मेव्हण्याच्या, ओबेरच्या दुकानात चित्रं काचेआड टांगलेली असत. वर्गणी न परवडणारे, अक्षरओळख नसलेलेही तिथे थांबून बघत. लवकरच पॅरिसच्या भिंतींवर कोळशाने, खडूने नासपत्या उमटू लागल्या. दोमिएसारखी रेष हजारात एखाद्याला जमते. नासपती पोरासोरांनाही जमली. लोकमत घडलं ते इथे, असं माझं ठाम मत आहे. ‘ले मिझेराब्ल’मध्ये ह्यूगोने असाच एक पोरगा रंगवला आहे: टाचा उंचावून नासपती काढणारा. राजा स्वतः ती पुरी करून देतो, वर त्याला एक नाणं देतो आणि नासपती त्यावरही आहे, असं सांगतो.

दोमिएही तुरुंगात गेला, राजाला पोत्याने नाणी गिळणारा राक्षस दाखवल्याबद्दल. १८३४ साली ‘शारिवारी’ने आपल्याविरुद्धचा निकाल छापला, तो ओळी नासपतीच्या आकारात जुळवून. त्याच वर्षी ट्रान्सनोनँ गल्लीतल्या १२ नंबरच्या घरात सैनिकांनी रहिवाशांना मारलं. दोमिएच्या चित्रात बंदूक नाही, सैनिक नाही. पलंगाला टेकून पडलेला, रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस आहे आणि त्याच्या अंगाखाली चेंगरलेलं मूल. दंड भरता यावेत म्हणून फिलिपाँ वर्गणीदारांसाठी दरमहा जी खास चित्रं छापत असे, त्यांतलं हे शेवटचं.

जुलै १८३५ मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने राजावर हल्ला केला. राजा वाचला, १८ जण मेले. सप्टेंबरच्या कायद्याने चित्रांना छपाईआधी सरकारी परवानगी सक्तीची झाली. मग सनदेतल्या वचनाचं काय? सरकारचं म्हणणं असं की, सनद मताला संरक्षण देते. चित्र हे मत नव्हे, ते थेट डोळ्यांना भिडतं आणि म्हणून ती कृती आहे. राजाविरुद्धचा लेख आधी दाखवावा लागत नव्हता, चित्र दाखवावं लागत होतं. व्यंगचित्राच्या ताकदीची याहून स्पष्ट कबुली कुठल्याही समीक्षकाने दिलेली नाही.

‘ला कारिकातुर’ बंद पडलं. फिलिपाँ थांबला नाही. ‘शारिवारी’त त्याने दोमिएकडून रोबेर माकेर उभा केला. कधी वकील, कधी शेअरदलाल, कधी डॉक्टर, पण दरवेळी ठक. त्यात राजा कुठेच नव्हता, त्यामुळे परवानगी नाकारायला कारण उरलं नाही.