विकलेल्या गाण्याची किल्ली
पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याची, हा बाजाराचा जुना दंडक. अमेरिकेतील संगणक-कंपन्यांनी गाण्यांच्या बाबतीत तो गुंडाळून ठेविला, हे आज वर्गणी भरून गाणी ऐकणाऱ्या आमच्या वाचकांनी विसरू नये, असे आम्हांस वाटते.

२००३ साली अ‍ॅपलने ९९ सेंटला एक याप्रमाणे गाणी विकावयास काढली. परंतु त्यांवर सांकेतिक कुलूप असे. खिशातील यंत्रांपैकी ती केवळ आयपॉडवरच वाजत. रिअलनेटवर्क्सने २००४ मध्ये आपल्या दुकानातील गाणी आयपॉडवर वाजविण्याची युक्ती काढताच, हॅकरची नीती अशी अ‍ॅपलने तिची संभावना केली व पुढे ती निकामीही केली. मायक्रोसॉफ्टने तर इतरांच्या यंत्रांवर ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे ‘खात्रीने वाजेल’, असे बिरुद मिरविले. आणि २००६ साली स्वतःचे झून यंत्र आणले, त्यावर नेमकी तीच गाणी वाजेनात! ही खात्री कोणी कोणास दिली होती? २००८ साली याच कंपनीने आपल्या बंद दुकानातील गाण्यांच्या किल्ल्या नव्या संगणकांसाठी देणे थांबविण्याचे जाहीर केले. ग्राहकांनी ओरड केली, तेव्हा कोठे मुदत वाढली.

२००९ साली अ‍ॅपलने कुलपे काढण्याचे ठरविले. मात्र पूर्वी घेतलेल्या गाण्याची मोकळी प्रत हवी असल्यास दर गाण्यामागे आणखी ३० सेंट मोजावे लागत.