घाटाचा मक्ता

अमुक बांधकाम कंपनीस रेल्वेचे इतक्या कोटींचे आणि महामार्गाचे तितक्या कोटींचे काम मिळाले, हे वृत्त हल्ली अर्थविषयक पानावर जवळजवळ नित्य येते. ते प्रसिद्ध होताच त्या कंपनीच्या समभागाचा भाव वधारतो, आणि जणू रक्कम तिजोरीत जमाच झाली अशा थाटात तिच्या कर्तबगारीचे गोडवे गायिले जातात. वस्तुतः ज्या दिवशी मक्ता मिळतो त्या दिवशी मक्तेदाराच्या पदरी एक जोखीम पडते, एवढेच खरे. न पाहिलेल्या खडकाशी, न मोजलेल्या पावसाशी आणि अद्याप गोळा न झालेल्या मजुरांशी ठरल्या दराने व ठरल्या मुदतीत झुंजण्याची ती लेखी कबुली असते. हे ज्यास ताडून पाहावयाचे असेल त्याने बोरघाटाचा इतिहास वाचावा. कारण गेली दोनशे वर्षे रस्त्याचे आणि लोहमार्गाचे मक्ते या एकाच डोंगरात पुनःपुन्हा दिले गेले आहेत.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या काळचा एक पूल, जो पुढे अमृतांजन पूल म्हणून सर्वपरिचित झाला, १९० वर्षे उभा होता आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीस अडचण होते म्हणून २०२०च्या एप्रिलात सुरुंगांनी पाडावा लागला. वाढत्या रहदारीला त्याचे खांब आड आले नसते, तर तो आणखी किती काळ टिकला असता कोण जाणे.

१८४९ साली स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे प्रमुख अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली फेविएल आणि फाउलर या इंग्रज मक्तेदारांनी बोरीबंदर ते ठाणे हा पहिला टप्पा बांधला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी त्यावरून गाडी धावली. सपाटीवरील या यशाने विल्यम फेविएल यांचा हुरूप वाढला असावा. बोरघाटाचे काम त्यांनीच घेतले आणि १८५६च्या आरंभी घाटात पहिला घाव पडला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढ, ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र उतार, पंचवीस बोगदे आणि एके ठिकाणी गाडीस उलटी फिरवून पुढे नेण्याची व्यवस्था, असे ते काम होते. पावसाळ्यात ते जवळपास ठप्प होई आणि पावसाळा सरला की मजूर नव्याने जमवावे लागत.

परंतु फेविएल यांचा घात खडकाने जितका केला, त्याहून अधिक हिशेबाने केला असे माझे मत आहे. मक्तेदाराने पोटमक्तेदारास, त्याने मुकादमास आणि मुकादमाने मजुरास पैसे द्यावयाचे, अशी ती उतरंड होती. प्रत्येक पायरीवर काही अडे, काही मुरे आणि तळाशी असलेल्या माणसाच्या हाती रोजमुऱ्याऐवजी आश्वासन पडे. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी उठाव केला, युरोपियन देखरेखदारांवर हल्ले झाले आणि सरकारास चौकशी करावी लागली. पुढील वर्षी, १८६० साली, रेल्वे व अन्य सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांचा त्वरित निकाल लावण्यासाठी नववा अधिनियम मंजूर झाला, यावरून हे दुखणे किती खोल होते ते ध्यानी यावे. फेविएल यांनी मार्च १८५९ मध्ये मक्ता सोडून दिला. रेल्वे कंपनीच्या भागीदारांना मात्र फारशी झळ बसण्याचे कारण नव्हते. त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे शेवटी रयतेच्या खिशातून, भरून निघावयाची होती.

त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल हे नवे मक्तेदार विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच आजाराने मरण पावले. अशा प्रसंगी मक्ता रद्द व्हावा आणि विधवेने पहिल्या जहाजाने मायदेशी परतावे, हीच त्या काळची रीत. पण अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी मक्ता स्वतःकडे ठेविला, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन कारभाऱ्यांकडे प्रत्यक्ष काम सोपविले आणि ते तडीस नेले. १८६१ साली या घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी त्यांपैकी जे मेले त्यांची नावे कोणत्याही शिलेवर नाहीत. १८६३च्या एप्रिलात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले, भाषणे झाली. आणि अवघ्या चार वर्षांनी, १८६७च्या पावसाळ्यात, इंग्रजी दप्तरात ‘म्हौ-की-मली’ या नावाने नोंदलेला घाटातील दगडी कमानींचा पूल कोसळला. या रेल्वेवरील दगडकाम किती निकृष्ट होते, याची चर्चा मग उघडपणे झाली. उद्घाटनाच्या मंडपात हे कोणास दिसणार होते?

एतद्देशीय मक्तेदारांत ज्यांचे चरित्र अभ्यासावे असे नाव सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे. सावकारी आणि कापसाच्या व्यापारात रुळलेल्या घरातील या तरुणाने १९०३ साली लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागी केली. फाटक पूर्वी रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. कामाचे खाचखळगे त्यांना ठाऊक, तर बाजारातील पत वालचंदांकडे, असा तो मेळ होता. त्यांचे पहिले काम बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या टप्प्याचे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी उभारलेली ही अडीच फुटी रुळांची रेल्वे थोड्या खर्चात आडगावांना जोडणारी. तिथे मक्तेदारास नफा मर्यादित, पण मोजमाप, बिल आणि वसुली यांचे शिक्षण भरपूर. कामे मोठी होत गेली तसे भांडवल अपुरे पडू लागले, तेव्हा १९२० साली त्यांनी आपला व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन केला, आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. त्याच दशकात बोरघाटातील लोहमार्गाच्या नव्या बोगद्यांचे काम वालचंदांच्या हाती आले. ज्या घाटाने एका इंग्रज मक्तेदारास मागे परतविले होते, तेथे साठ-सत्तर वर्षांनी सोलापूरचा माणूस बोगदे खणीत होता. पुढे सिंधू नदीवरील कालाबागचा पूलही त्यांच्या कामांत जमा झाला.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने अलीकडे केलेली दोन कामे सर्वज्ञात आहेत: २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०१३ साली खुला झालेला पीर पंजालचा सुमारे ११ किलोमीटर लांबीचा रेल्वे-बोगदा. यांपैकी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ची. या दिरंगाईत आराखड्यातील बदल, न्यायालयीन वाद आणि परवानग्या यांचा वाटा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण अशा कामांत पैसे हाती येण्याची वाटही तितकीच लांब असते: कामाचे मोजमाप मोजणी-पुस्तकात चढावयाचे, चालू बिल मंजूर व्हावयाचे, वाढीव कामाचा दर ठरावयाचा, आणि तो न ठरल्यास लवादाकडे जावयाचे. लवादाने मक्तेदाराच्या बाजूने निवाडा दिला तरी सरकारी खाते न्यायालयात आव्हान देई आणि पैसा वर्षानुवर्षे अडून राही. हे इतके साचले की २०१६ साली केंद्र सरकारला, आव्हान दिलेल्या निवाड्याची ७५ टक्के रक्कम बँक-हमीवर मक्तेदारास आधी द्यावी, असा निर्णय घ्यावा लागला. १८५९ मधील मजुराप्रमाणेच आजचा मक्तेदारही केलेल्या कामाच्या पैशांसाठी खेटे घालतो, फरक इतकाच की त्याच्यापाशी वकील असतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’मुळे या डोंगरात पुन्हा दोन बोगदे आणि उंच पूल आले. त्यांचे मक्ते नवयुग आणि अ‍ॅफकॉन्स यांना मिळाले तेव्हा त्याही वृत्तास पुरेशी जागा लाभली होती.

माझी रेल्वे खात्यास आणि सार्वजनिक बांधकाम खात्यास एवढीच विनंती आहे की, मक्ता दिल्याचे पत्रक ज्या तत्परतेने काढले जाते, त्याच तत्परतेने काम संपल्यावर त्याचा ताळेबंदही छापावा: मूळ दर किती, अखेरचे बिल किती, मुदत किती वेळा वाढली, किती मजूर दगावले आणि पोटमक्तेदारांची व मजुरांची किती देणी शिल्लक राहिली.