‘गॉडविन ऑस्टिन’ शिखर नव्हे, हिमनदी!

उर्से (ता. मावळ) : येथील टोलनाक्यावरून द्रुतगती मार्गाने मुंबईकडे निघाले, की खंडाळ्यानजीक नागफणीचा सुळका नजरेत भरतो. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि त्यांनी त्याला ‘ड्यूक्स नोज’ म्हटले. मावळातील माणसांनी मात्र नागफणी हे नाव सोडले नाही. नावांचा असाच पेच काराकोरम पर्वतातही उद्भवला. त्यातून झालेला घोळ आपल्याकडील सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आजही आढळतो. तेथे के-टू शिखराचे दुसरे नाव ‘गॉडविन ऑस्टिन’ असे दिलेले असते.

सर्वेक्षण अधिकारी टी. जी. माँटगोमरी यांनी १८५६ मध्ये दूर अंतरावरून काराकोरमची शिखरे टिपली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. ‘के’ म्हणजे काराकोरम. स्थानिक नाव सापडेल तेथे तेच ठेवावे, असा सर्वेक्षण खात्याचा दंडक होता. त्यानुसार के-१ ‘माशेरब्रुम’ झाले. ८,६११ मीटर उंचीचे के-२ वस्त्यांपासून फार आत असल्याने त्याचे रूढ नाव सापडले नाही. क्रमांकच नाव होऊन बसला.

हेन्री हॅवरशम गॉडविन ऑस्टिन (१८३४-१९२३) हे सर्वेक्षक, भूशास्त्रज्ञ आणि धाडसी प्रवासी. भूशास्त्राचा वारसा त्यांना वडिलांकडूनच मिळाला होता. १८६१ मध्ये त्यांनी बाल्टोरो हिमनदीच्या परिसराचे सर्वेक्षण केले. या कामगिरीबद्दल के-टूला त्यांचे नाव द्यावे, असा प्रस्ताव १८८८ मध्ये पुढे आला. पण लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने तो स्वीकारला नाही. काही नकाशांवर ते नाव तरीही उमटले आणि पुस्तकांत उतरले.

त्यांचे नाव खऱ्या अर्थाने टिकले ते शिखराच्या पायथ्याशी. पाकव्याप्त काश्मीरमधील बाल्टिस्तानात के-टूलगत वाहणारी ‘गॉडविन ऑस्टिन हिमनदी’ कॉन्कॉर्डिया येथे बाल्टोरोला मिळते. हिमनदी म्हणजे स्वतःच्याच भाराने उताराकडे सरकणारा बर्फाचा प्रवाह. खडक खरवडत, दगडगोट्यांचे हिमोढ वाहून नेत ती पुढे जाते. तिचे वितळलेले पाणी ब्राल्डू व शिगर नद्यांतून अखेर सिंधूला मिळते.

स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी म्हणूनच एवढे ध्यानात ठेवावे : शिखर के-टू, हिमनदी गॉडविन ऑस्टिन.