छिद्रांआड राहणारं हिरवं

नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते. तिच्यातले मणी दिसतात काचेसारखे, पण आतून डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांनी पोखरलेले असतात. हवेतला ओलावा त्या छिद्रांत जाऊन बसतो. अशा जेलमध्ये ओलाव्याऐवजी जिवंत पेशी बसवता येतील का? बेल्जियममधल्या नामूर विद्यापीठात बाओ-लियान सू यांच्या गटाने सायनोबॅक्टेरियांवर, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळावर, हा प्रयोग केला.

पेशी साधारण एक मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, आणि छिद्रं तिच्याहून कितीतरी बारीक. त्यामुळे पेशीभोवती जेल गोठलं की ती आत अडकते. पाणी, क्षार आणि वायू मात्र ये-जा करतात. सिलिकातून उजेडही आरपार जातो.

घोडं पेंड खातं ते पेशी आत घालताना. सिलिका जेल बनवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत अल्कोहोल सुटतं आणि पेशी मरतात. म्हणून सोडियम सिलिकेटचं पाण्यातलं द्रावण घ्यायचं. तेही तीव्र अल्कधर्मी असल्याने आधी त्यात बेताने आम्ल घालायचं आणि मिश्रण गोठण्याआधीच्या थोडक्या वेळात पेशी मिसळायच्या. पुढे जेल वाळू द्यायचं नाही. ते आकसलं की पेशी चिरडल्या जातात. या शास्त्राचं खरं कसब या हळुवारपणात आहे.

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात मार्क टिबिट आणि सहकाऱ्यांनी सिलिकाऐवजी मऊ, पाणीदार हायड्रोजेल निवडलं. त्यात सायनोबॅक्टेरिया मिसळून थ्रीडी प्रिंटरने जाळीदार आकार घडवले, कारण भरीव गोळ्याच्या गाभ्यापर्यंत उजेड पोचत नाही. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या पेशी 400 दिवस प्रकाशसंश्लेषण करत राहिल्या. त्या काळात एक ग्रॅम जेलने सुमारे 26 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवला. त्यातला बराचसा पेशींच्या वाढीत न जाता खनिज होऊन बसला. प्रकाशसंश्लेषणामुळे पेशीभोवतालचं पाणी अल्कधर्मी होतं आणि चुनखडीसारखे कार्बोनेट क्षार साचतात. त्या क्षारांनी मऊ जेलही हळूहळू ताठर होतं.

त्याच वर्षी व्हेनिसच्या बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात, कॅनडाच्या दालनात, झाडांच्या बुंध्यांसारख्या अशा रचना उभ्या राहिल्या. सर्वांत उंच सुमारे तीन मीटरची. अशी एक रचना वर्षाला 18 किलोपर्यंत कार्बन डायऑक्साइड बांधू शकते, साधारण वीस वर्षांच्या पाइन वृक्षाइतका. दालनातला उजेड, ओलावा आणि तापमान पेशींना मानवेल असंच ठेवलं होतं, आणि प्रदर्शन संपेपर्यंत त्यांची निगा राखायला माणसं नेमली होती.