स्टेशन आधी, गाव नंतर

पुण्याहून मिरजेकडे जाताना सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. आज तिथे कारखाना आहे, वसाहत आहे, घरांभोवती झाडी आहे. पण १९१० सालच्या आरंभी इथे उतरणाऱ्याला काय दिसले असते? फलकावर नाव ‘कुंडल रोड’ आणि बाहेर निवडुंगाचे माळरान. वस्ती होती ती नागसापांची!

लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा चाळिशीचे होते. बेळगावात लोखंडी नांगरांच्या कारखान्याचा जम बसत होता, तोच शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली. यंत्रे, कामगार, त्यांची बायकामुले घेऊन जायचे कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जही दिले.

लक्ष्मणरावांनी पसंत केली ती कुंडल रोडजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन. लोकांना नवल वाटले असेल. पण त्यांची नजर जमिनीवर नव्हती, रुळांवर होती. भट्टीसाठी लोखंड आणि कोळसा यायचा तो रेल्वेने, आणि तयार नांगर गावोगाव जायचे तेही रेल्वेनेच.

मोजकी कुटुंबे आली. निवडुंग तोडला, झोपड्या उभ्या राहिल्या, भट्टी पेटली. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली. ज्यांच्यापासून जग कुलपे लावून बसते, त्यांच्याच हाती त्यांनी विश्वासाने कारखाना सोपविला.

नांगर खपणेही सोपे नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. हळूहळू अनुभवाने ती दूर झाली. पुढे १९२० मध्ये याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक. माळरानावर छापलेले अंक मराठी घराघरांत पोहोचले. आता गावात उसाचे चरक, पंप बनत होते, तशी वाचनाची आवडही घडत होती.

ज्या स्टेशनाच्या आधाराने ही वसाहत उभी राहिली, त्या स्टेशनालाच पुढे तिचे नाव मिळाले. ‘कुंडल रोड’चे ‘किर्लोस्करवाडी’ झाले!

या मार्गाने कधी गेलात, तर खिडकीतून जरूर पाहा. हाती फक्त ओसाड माळ आणि एक छोटे स्टेशन असतानाही माणसांनी बिऱ्हाडे थाटली, चुली पेटविल्या आणि गाव वसवले, ते हेच.